दर्शनीची लाल अक्षरं

आमच्या शेजारच्या संतरामभाऊची सून कॉम्प्युटरशी भांडते. खोटं सांगत न्हाई. आमची भिंत एकच, तीबी एका विटेची, अन् त्यातल्याबी दोन विटा कवाच निसटल्यात. सकाळी मी भाकरी थापत असते अन् पलीकडून आवाज येतो, "अरे, काल तर चालून राहिला होतास ना? आज काहून रुसलास?" पहिल्यांदा ऐकलं तवा मला वाटलं नवऱ्याला बोलून राहिली. म्हणलं, नवं लग्न हाय, चालायचंच, अन् तवा खाली उतरवून कान लावून बसले. पण नवरा, विश्वंभर, तर अंगणात ट्रॅक्टरखाली उताणा पडून नट पिळून राहिला होता. मंग हे रुसलंय कोण? दोन विटांच्या फटीतून पाहिलं तर पोरगी एकटीच. समोर लॅपटॉप, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, अन् काळ्या पडद्यावर लाल लाल अक्षरं.

तिचं खरं नाव प्रियदर्शनी. नाव चांगलंय, पण हाक मारून होईपर्यंत दूध उतू जातं. म्हणून आळीभर ती दर्शनी. माहेर वसमतचं. कॉम्प्युटरचं शिकलेली. नांदेडला नोकरी लागायच्या बेतात होती, तेवढ्यात हे स्थळ आलं अन् पोरगी जवळा बाजारला आली. रुखवतात बाकीच्या पोरी शोभेच्या वस्तू मांडतात, हिच्या रुखवतात एका काळ्या पिशवीत लॅपटॉप. पहिल्या दसऱ्याला सासूनं, आमच्या गोजरबाईनं, घरातल्या सगळ्या अवजाराची पूजा केली. विळा, कुदळ, ट्रॅक्टर अन् लॅपटॉप. हात सढळ हाय बाईचा. हळद अशी वाहिली की काही बटनं दिवाळीपर्यंत चिकटून बसली. दर्शनी काडीला कापूस गुंडाळून एकेक बटन पुसत बसली. घरात ती कोणालाच उलट बोलत न्हाई हो. जे काही पोटात साचतं ते सगळं त्या लॅपटॉपला बोलते.

मी तिला म्हणलं बी, "बाई, तू सासूला चार शब्द बोल अन् त्याला लाडानं वागव. बघ कसं चालतंय."

"काकू, त्याला बोललं तर त्यो रुसत न्हाई," म्हणे.

संतरामभाऊ त्या लॅपटॉपला 'डब्बं' म्हणतो. सासऱ्याला सुना आमच्याकडं मामा म्हणतात. तर या मामाचा डब्ब्यावर राग हाय असंबी न्हाई. त्याला फक्त कळत न्हाई की हे खातंय काय अन् देतंय काय. त्याच्याकडं बॉयलर हाय. हळद शिजवायचा. त्याचं कसं, लाकूड घाला, पाणी घाला, वाफ निघते, हळद शिजते. डोळ्यानं दिसतं.

ज्यांच्या गावात हळद न्हाई त्यांना सांगते. हळद काढली की शिजवावी लागते, अन् शिजवायला ताटकळली की ढिगात तापती, बुरसती, रंग जातो. सगळ्यायची हळद निघती एकाच वक्ती, अन् बॉयलर आमच्या भागात हाय एकच. विश्वंभर त्यो ट्रॅक्टरला जोडून शेतोशेत फिरवतो. आज याची पाळी, उद्या त्याची. अन् ही पाळी कुठं लिहिलेली? कुठंच न्हाई. संतरामभाऊच्या डोक्यात. ज्यानं फोन केला त्यो पुढं. ज्यानं घरी येऊन चहा पिला त्यो त्याच्याबी पुढं. अन् ज्यानं गोजरबाईच्या हातच्या चहाचं कौतुक केलं, त्याची हळद तर निघायच्या आधीच शिजली समजा.

मागच्या हंगामात कालव्यापलीकडच्या तांड्यावरचा थावरा यात भरडला गेला. त्याची पाळी दोनदा पुढं ढकलली. थावरा अन् त्याची बायको भिकाबाई ढिगापाशी बसून रस्त्याकडं पाहत राहिले, अन् बॉयलर बाजूच्या रस्त्यानं दुसऱ्याकडं गेला. हळद काळी पडली. भिकाबाई मला बाजारात भेटली तवा रडली न्हाई, पण भाजीवालीशी अशी भांडली की मी काय ते समजले. यंदा तांड्यानं निरोप धाडला, आमी बाहेरगावचा बॉयलर सांगणार. अर्धा हंगाम तांड्यावर असतो संतरामभाऊचा. त्याला झोप येईना.

तवा रातच्याला ताटावर बसल्या बसल्या दर्शनी हळूच म्हणाली, "मामा, पाळी सगळ्यांच्या मोबाईलवर दिसली तर? एकाची झाली की पुढल्याची आपोआप. मधी कोणाला घुसता येणार न्हाई."

विश्वंभरला ठसका लागला. सुनेनं सासऱ्याच्या धंद्यात बोलायचं म्हंजे काय. संतरामभाऊनं भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला, खाल्ला, मंग बोलला. "दिसू दे. आईतवारी बैठक हाय. सगळ्यायच्या मोबाईलवर दिसली पाहिजे, तुझ्या एकटीच्या न्हाई. न्हाई दिसली तर ते डब्बं माळ्यावर, अन् तू बॉयलरवर. मंग पुन्हा मला कॉम्प्युटरचं नाव सांगू नको."

दुसऱ्या दिवशी तिनं मला हे सांगितलं. मी म्हणलं, "बॉयलरवर जायची लाज वाटती व्हय ग?"

"न्हाई ओ काकू. मागच्या साली टोपली उचललीच की. पण माळ्यावर गेलेलं काही खाली येत न्हाई."

ते तिचं खरं होतं. त्या माळ्यावर गोजरबाईचं शिलाई मशीन हाय. ती नवरी म्हणून आली तवा संगं आणलेलं. एका हंगामात जागा पाहिजे म्हणून वर ठेवलं, 'हंगाम झाला की काढू' म्हणून. त्याला किती हंगाम झाले ते कोणी मोजत न्हाई. गोजरबाई तर मुळीच न्हाई.

तर बाई कामाला लागली. पान सुंदर केलं. वर मोठ्या अक्षरात 'पाळी कोणाची', खाली बॉयलरचा फोटो, अन् फोटोखाली नावं यायची होती. फोटो आला. नावं येईनात. लाल अक्षरं आली.

मी विरजण मागायला गेले होते. विरजण माझ्या घरी होतं, पण त्याचं काय. "दर्शनी, हे लाल लाल काय ग?"

"चूक हाय, काकू."

"तुझी का त्याची?"

"तेच शोधून राहिले." अन् मंग तिनं मला समजावलं. मला कोणी समजावत न्हाई, म्हणून मी नीट ऐकलं. तिनं दोन गोष्टी केल्या होत्या. लोकांनी पाहायचं पान एक, अन् पाळ्या सांभाळणारा सर्व्हर दुसरा. दोन्ही त्याच लॅपटॉपात. पण दोघांच्या दाराचा नंबर वेगळा. पान ब्राउझरला म्हणतं, त्या दारावरून नावं आणून दे. अन् ब्राउझर म्हणतो, ते दार परकं हाय, त्यांनी व्हय म्हणल्याबिगर मी आणणार न्हाई.

"अगं पण घर तर एकच हाय ना?"

"घर एकच हाय."

"म्हंजे सख्खे भाऊ अन् चुली वेगळ्या."

ती हसली. "बराबर काकू. अन् एका चुलीवरलं कालवण दुसरीकडं न्यायचं तर जिची चूल तिनं व्हय म्हणाय पाहिजे. याला क्रॉस-ओरिजिन म्हणतात."

"आमी याला भाऊबंदकी म्हणतो," मी म्हणलं, अन् विरजण घेऊन आले.

तिचा धाकटा दीर स्वप्निल पुण्याला कंपनीत हाय. तिनं त्याला फोन लावला. स्वप्निल लेकरू चांगलं हाय, पण त्याला सगळंच सोपं वाटतं. लहानपणी विहिरीत उडी मारतानाबी त्याला सोपं वाटलं होतं, काढताना आमची तकलीफ झाली. त्यो म्हणाला, "वहिनी, सोपं हाय. ब्राउझरचा पहाराच बंद करून टाका." अन् काय टाईप करायचं ते धाडलं. दर्शनीनं टाईप केलं, ब्राउझर नव्यानं उघडला, अन् घ्या! नावं धडाधड आली. पोरगी तशीच पळत माझ्याकडं आली. मी तिच्या तोंडात बेसनाचा लाडू कोंबला अन् एक स्वतःच्याबी. आनंद दोघींचा होता.

सांजच्याला संतरामभाऊ आला. "दाखीव."

तिनं लॅपटॉप फिरवला. त्यो म्हणे, "त्याच्यात न्हाई. माझ्या मोबाईलमधी." तिनं लिंक धाडली. त्यानं उघडली. वर मोठी अक्षरं आली, बॉयलरचा फोटो आला. स्वतःचा बॉयलर मोबाईलमधी पाहून त्यानं टोपी नीट केली, मी पाहिलं ना फटीतून. मंग त्यानं अंगठ्यानं खाली सरकवलं. खाली पांढरं. अजून सरकवलं. अजून पांढरं.

"बॉयलर दिसून राहिला. पाळी कुठाय?"

"मामा, माझ्यात दिसून राहिली…"

"तुझ्यात दिसती, माझ्यात न्हाई. म्हंजे पाळी फक्त मालकाला दिसती." त्यानं मोबाईल खाटेवर ठेवला. "थावरा दुसरं काय म्हणून राहिलाय, बाई?"

रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. हे त्यो थकून बोलला. दर्शनीनं मान खाली घातली अन् आत गेली. थोड्या वेळानं स्वप्निलशी बोलताना ऐकू आली. त्यो सांगून राहिला होता की मंग सगळ्यायच्या मोबाईलमधला पहारा बंद करावा लागंल.

"भाऊजी," ती म्हणाली, "बैठकीला येणाऱ्या एकेकाच्या खिशात हात घालू का मी?"

मी भाकरी उलटायची विसरले. लॅपटॉप सोडून दुसऱ्या कोणाला ही असं बोलली ते पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी मी गेले तवा ती ती लाल अक्षरं बोटानं एकेक शब्द वाचून राहिली होती, पहिलीतल्या लेकरावानी. मला म्हणाली, "काकू, हा बिचारा पहिल्यापासून हेच सांगून राहिला होता. ज्याच्याकडं नावं हायत त्यानं व्हय म्हणाय पाहिजे. अन् म्या काय केलं? माझ्या दारातल्या पहारेकऱ्याला अफू देऊन झोपवलं. बाकीच्यायच्या दारातले जागेच ना."

मंग तिनं पहारा पुन्हा चालू केला, अन् सर्व्हरमधी परवानगी लिहिली. अमुक पत्त्यावरचं पान नावं मागायला आलं तर द्यायची. पत्ता म्हंजे घरातल्या वायफायनं लॅपटॉपला दिलेला नंबर. संतरामभाऊच्या मोबाईलवर उघडून पाहिलं. नावं आली. त्यानं वर सरकवलं, खाली सरकवलं, पुन्हा वर जाऊन बॉयलर पाहिला, अन् म्हणाला, "हं."

तुम्हाला ठाऊक न्हाई, पण संतरामभाऊचं 'हं' लई मोठं असतं. दर्शनीला पाहायला गेले अन् ती पसंत पडली तवाबी त्यो एवढंच म्हणला होता.

आईतवार उगवला. हंगामाच्या आधी बॉयलरवर नारळ फोडायचा, ज्यांची ज्यांची हळद हाय त्यांना बोलवायचं, पाळ्या ठरवायच्या अन् मंग पंगत, ही संतरामभाऊच्या घरची रीत. तांड्याला आवतन द्यायला गोजरबाई स्वतः गेली होती. 'बॉयलर कोणाचाबी सांगा, जेवायला तरी या,' म्हणली. म्हणून तांडा आला. थावरा आला, भिकाबाई आली, अन् तांड्याचे म्हातारे नाईक लालसिंगबाबा आले, ज्यांच्या तोंडात दात कमी अन् गोष्टी जास्त. अंगण गच्च भरलं. चुलीवर वांग्याची भाजी रटरटून राहिली होती. दर्शनीनं सगळ्यायला घरच्या वायफायवर घेतलं. "आजच्यापुरतं हे घरातल्या घरात हाय," तिनं सांगितलं. "तुमाला पटलं तर मंग इंटरनेटवर टाकीन, शेतातूनबी दिसंल."

नारळ फुटला. संतरामभाऊ खाकरला. "आमच्या सूनबाईनं…" म्हणला, अन् लाईट गेली.

गेली म्हंजे काय, डोळा मिचकावल्यावानी गेली अन् आली. आमच्याकडं याला कोणी लाईट गेली म्हणतसुद्धा न्हाई. पण भिंतीवरचा राऊटर झोपला अन् उठला. अन् उठल्यावर त्यानं काय केलं, तर अंगणातल्या सगळ्या मोबाईलला नव्यानं नंबर वाटले. ज्यो आधी सापडला त्याला आधीचा नंबर. दर्शनीच्या लॅपटॉपचा जुना नंबर गेला कोणा पावण्याच्या खिशात, अन् लॅपटॉपला भलताच मिळाला. तिच्या ध्यानात आलं, तिनं नव्या नंबराची लिंक लगोलग धाडली. सगळ्यायनी उघडली.

वर मोठी अक्षरं. खाली बॉयलर. त्याखाली पांढरं.

थावरा उठून उभा राहिला. मोबाईल वर धरला. "संतरामभाऊ, मागच्या सालीबी असंच होतं. बॉयलर दिसत होता. पाळी दिसत न्हवती."

लोक हसले. वाईट हसणं न्हवतं, पण हसणंच ते. संतरामभाऊनं सुनेकडं पाहिलं, अन् मंग वर, ओसरीवरल्या माळ्याच्या फळीकडं. मी पाहिलं, गोजरबाईनंबी पाहिलं तिकडं.

दर्शनी ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. मी जवळ सरकले. "काय म्हणतंय ग?"

"परवानगीत जुना पत्ता हाय काकू. पान नव्या पत्त्यावरून आलं, सर्व्हर त्याला वळखत न्हाई."

"मंग नवा लिव्ह की चटकन."

"लिहिते. अन् पुन्हा लाईट गेली तर? पुन्हा पांढरं. पुन्हा हे हसणार." बोटं तिची चालूच होती. "न्हाई काकू. हे ठिगळ झालं. चुलीच एक करते. सर्व्हरच्या दारातूनच पान बी द्यायचं अन् नावं बी. मंग परकं कोणी राहतच न्हाई, परवानगी कोणाला मागायची? पण थोडा वेळ लागंल."

वेळ कुठला. तांड्यावरच्यायनी चपला पाहायला सुरुवात केली होती.

तवा गोजरबाई चुलीपासून उठली. पदरानं हात पुसले. "थावराभाऊ, जेवल्याबिगर उठताव व्हय? मी तुमच्या दारात आवतन द्यायला आले ते काय वाऱ्यावर? अन्न शिजलंय. पाळीचं मागून पाहू. बसा. पंगत बसू द्या."

आता सांगा, अन्नाला कोण न्हाई म्हणंल? चपला जागेवर राहिल्या. पंगत बसली. अन् गोजरबाई माझ्याजवळून भाजीचं भगुनं नेता नेता कानात म्हणाली, "आशा, लालसिंगबाबाकडं ध्यान ठेव. त्यांचं पान रिकामं होऊ देऊ नको."

मला उशिरा कळत असंल, पण अशा गोष्टी कळतात. पंगतीचा कायदा हाय, सगळ्यात मोठा माणूस उठल्याबिगर पंगत उठत न्हाई. अन् सगळ्यात मोठा माणूस होता लालसिंगबाबा, दात कमी म्हणून घास हळू.

मंग काय विचारता! मी वाढायला लागले. बाबानं एक घास संपवला की मी दोन टाकले. "बाई, पोट हाय का पोतं?" बाबा म्हणाले.

"बाबा, तुमच्या नातीच्या लग्नात तुमी मला वाढलं तवा हे कोणी विचारलं होतं का? आज फेडते."

"तवा तू मागून राहिली होतीस!"

"मंग तुमीबी मागा, कोण न्हाई म्हणतंय?" पंगत हसली. गोजरबाई बुंदीचं ताट घेऊन तांड्याच्या रांगेतून अशी हळू चालून राहिली होती की जणू प्रत्येक कळी नाव विचारून वाढायचीय. भिकाबाईच्या पानापाशी तर बसलीच. "काहून खाईना ग? मागच्या सालचा राग अन्नावर काढती का?" भिकाबाई म्हणाली, "राग अन्नावर न्हाई, तुमच्या मालकावर हाय." "त्यो तर माझाबी हाय," गोजरबाई म्हणाली, अन् बुंदी वाढली. दोघीबी हसू दाबून राहिल्या.

दर्शनी लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत सरकली होती, मी पाण्याचा तांब्या घेऊन तिच्याकडं गेले. "झालं का?"

"न्हाई. पान हलवलं, तर बॉयलरचा फोटो हरवला."

"फोटो मरू दे!"

"न्हाई काकू. मामाला बॉयलर दिसल्याबिगर बाकीचं खरं वाटत न्हाई."

बाहेर आले, पोळी वाढली. आत गेले. "झालं का?"

"एका जागी जुना दार नंबर राहून गेला होता. आत्ता सापडला." अंबाड्यातली पेन्सिल दातात आली होती. "काकू, तुमी विचारू नका, माझं चुकतं."

मी तोंड बंद केलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात जड गोष्ट ती.

बाहेर लालसिंगबाबानं पानाला नमस्कार केला अन् हात तांब्याकडं गेला. मी पोळ्यांचं ताट घेऊन धावले. तेवढ्यात गोजरबाईचा आवाज, "बाबा, ताक राहिलं की!" ताक सगळ्यायला. ताकाच्या मागून मीठ. मिठाच्या मागून पुन्हा ताक. आता थावराच्या डोक्यात उजेड पडला. त्यो म्हणाला, "वहिनी, तुमी आज आमाला उठू देत न्हाई काय?"

"कसं उठू देऊ? नव्या सुनेच्या हातचं शेवटचं गोड वाढायचं राहिलंय. पंगतीत वाढायची तिची पहिलीच बारी हाय. ती आली की उठा."

पंगत बसून राहिली. संतरामभाऊ खांबाला टेकून उभा, बायकोकडं पाहून राहिलेला. अशी बायको त्यानं याच्या आधी कवा पाहिली होती काय माहीत.

अन् मंग दर्शनी आली. डोक्यावर पदर, हातात बुंदीचं ताट, अन् पेन्सिल आता कानावर. लालसिंगबाबाच्या पानात चिमूटभर बुंदी टाकली अन् म्हणाली, "लिंक टाकलीय. पहा एकदा."

आता दृश्य पहा. सगळ्यायचे उजवे हात खरकटे. सगळी पंगत डाव्या हातानं मोबाईल काढून राहिलेली, कोणी कोपरानं पदर धरतंय, कोणी नाकानं बटन दाबायच्या बेतात. वर मोठी अक्षरं. बॉयलर. अन् बॉयलरखाली नावं. एकाखाली एक. ज्याच्या मोबाईलमधी पाहा, तीच.

थावरानं डाव्या अंगठ्यानं नावं मोजली अन् म्हणाला, "मी तिसरा हाव."

"व्हय दादा," दर्शनी म्हणाली. "तुमच्या आधी दोन. त्यांचं झालं की तुमचं. मधी कोणी घुसत न्हाई. मामाबी घुसवू शकत न्हाईत."

संतरामभाऊनं खांब सोडला. हे त्याला कोणी विचारलं न्हवतं.

थावरानं हात धुतले. ओल्या हातानं भिंतीपाशी गेला, राऊटरकडं बोट केलं. "हे बंद करून चालू करू का? मघाशी हे झोपलं अन् पाळी गेली. आता जाती का पाहतो."

दर्शनीनं बुंदीचं ताट खाली ठेवलं अन् मान हलवली, "करा दादा. फक्त हात पुसून घ्या."

त्यानं डोक्याला गुंडाळलेला टॉवेल सोडून हात पुसले अन् पिन उपटली. अंगण थांबलं. पिन लावली. हिरवे दिवे एकेक करून लागले. दर्शनीनं लॅपटॉपचा नवा नंबर पाहिला, नवी लिंक धाडली. थावरानं उघडली. पुढं ते इंटरनेटवर गेलं की लिंक बदलायचीबी भानगड राहत न्हाई म्हणे, पण तवा तर ती होती, अन् त्यो पांढऱ्या पडद्याकडं पाहून राहिला होता, अन् आमी सगळे त्याच्याकडं.

बॉयलर आला. नावं आली.

"तिसरा," थावरा म्हणाला. मोबाईल भिकाबाईला दाखवला, तिनंबी बोटानं मोजलं. "तिसरा तर तिसरा. पण इथून हलला न्हाई पाहिजे." अन् चप्पल घालायला न जाता अंगणात बसून त्यानं सुपारी मागितली. सुपारी मागितली म्हंजे काम पक्कं, हे आमच्याकडं लेकरालाबी कळतं. लालसिंगबाबा शेवटी उठले, मला म्हणाले, "बाई, आता महिनाभर जेवत न्हाई."

लोक पांगले. दर्शनी ओसरीवर बसून लॅपटॉपला काहीतरी पुटपुटून राहिली होती. भांडण न्हवतं. मी फटीतून न्हाई, समोरून ऐकलं. "शाणा हायेस," म्हणून राहिली होती.

संतरामभाऊ बराच वेळ त्या राऊटरसमोर उभा होता. मंग विश्वंभरला म्हणाला, "लाईट मिचकावली की हे झोपणार. त्याला जुनी बॅटरी लावता येती का? माळ्यावर हाय एक." विश्वंभर शिडी आणायला गेला, पण म्हाताऱ्याला दम कुठं. त्यो स्वतःच कट्ट्यावरून वर चढला, माळ्यात डोकं घातलं, धूळ उडाली, शिंकला.

खाली गोजरबाई उष्टी पत्रावळ गोळा करून राहिली होती. तिनं वर न पाहता म्हणलं, "चढलाच हाव तर माझं मशीनबी खाली द्या."

वरून लोखंड फळीवर घासल्याचा आवाज आला, अन् संतरामभाऊ म्हणाला, "विश्वंभर, खालून धर. जड हाय."